मामीनं मामांचं वजन वाढवलं

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय, उद्यापर्यंत पोटात ऱ्हाणारच न्हाई!

मागच्या उन्हाळ्यात आमचे मामा एकदम गप्प झाले. जेवण बंद, बोलणं बंद. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे, पाणीसुद्धा मामी चमच्यानं पाजायची. गोळ्यांनी फरक पडंना, तवा हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याला विजेचे शॉक द्यावे लागतील. भूल देऊनच देतात, दुखत न्हाई.

मामीनं त्यातलं फक्त 'शॉक' ऐकलं. कनेरगाव नाक्यावरून ऑटोत बसलो ते दवाखाना येईपर्यंत तिनं माझा हात असा दाबला की बोटं बधिर!

आत भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "वजन किती यांचं?" मामा चादर गुंडाळून बसलेले, काट्यावर उभंच राहीनात.

मामी फटकन बोलली, "सत्तर!"

सत्तर? चादरीखाली पँट सुतळीनं बांधलेली होती हो! मी तिच्या कानात विचारलं, "मामी, सत्तर कुठून आणले?"

"गप बैस. वजन बघून औषध देतात म्हणं. जास्त सांगितलं की गाढ झोपतील, झटका कळणार न्हाई. अन् खरं सांगितलं तर मॅडम म्हणतील, ही बाई नवऱ्याला उपाशी ठेवती."

पाव्हण्याला आग्रहानं वाढावं तशी भूल वाढून राहिली होती बाई.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. "मावशी, तुमचे मालक बरे आहेत. पण आज फीट लई थोडकी आली."

"देवच पावला!" मामीनं हात जोडले. "थोडक्यात आटोपलं."

डॉक्टरांना हसावं का रडावं कळंना. "अहो, ती मेंदूतली फीट हेच तर औषध आहे! भूल जास्त झाली की फीट दबून जाती, मग उपयोग कमी. अन् कमी दिली तर माणूस जागा राहील. बराबर मोजूनच द्यावी लागती. वजन खरं सांगितलं होतं ना?"

मामी पदराचं टोक चावून राहिली. शेवटी म्हणाली, "त्ये... लग्नातलं होतं."

मागून आलेल्या भूलवाल्या मॅडम इतक्या हसल्या! पण पुढच्या वेळी मामांना खुर्चीसकट काट्यावर चढवलं, मग रिकामी खुर्ची मोजली. सत्तरपेक्षा लई कमी निघाले. मामी तवर खिडकीतून बाहेर बघून राहिली, जणू तो माणूस तिचा न्हाईच! त्या दिवशी फीट नीट आली, डॉक्टर खूश.

असे बरेच शॉक झाले. मधी मधी मामांना सकाळचं काही आठवायचं न्हाई, ती तकलीफ झाली. पण एका दुपारी मामीनं वांग्याची भाजी ताटात वाढली, तर मामांनी स्वतःच्या हातानं घास घेतला, तोंड वाकडं केलं अन् म्हणाले, "मीठ काहून इतकं?"

माझ्या मामीच्या भाजीला नावं ठेवायची गावात कोणाची हिंमत न्हाई. ती पळत चुलीपाशी गेली अन् हुंदके देऊन देऊन रडली. मामा मला विचारतात, "हिला काय झालं गं?"

मी बी रडून राहिले होते.

खरं सांगा, तुमच्या घरी बी मायेपोटी डॉक्टरला असलं काही खोटं सांगितलंय का कोणी?