कोपरीचा तांबेरा

आमच्या आत्याच्या यजमानांइतका निरुपयोगी उद्योग अख्ख्या ठाणे जिल्ह्यात कुणी केला नसेल. लोक रानातून फुलं आणतात, आतोबा झाडांचे रोग आणत. कोपरीच्या त्यांच्या घरात बुरशी लागलेली पानं वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेली असत आणि वर वजन म्हणून पाटा. पानं सुकेपर्यंत आत्याला चटणी वाटायची बंदी. माझ्यासाठी मुलगी बघायला डोंबिवलीला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून हेच बरोबर. मुलगी पोहे घेऊन आली आणि हे खिडकीबाहेरच्या कढीलिंबाकडे टक लावून म्हणाले, "हे डाग कधीपासून?" मुलीच्या आईने डोळ्यांना पदर लावला. स्थळ तिथेच संपलं. परतताना आतोबांच्या खिशात कढीलिंबाची तीन पानं होती.

एकदा त्यांना घरामागच्या रानजाईवर तांबेरा सापडला. या भागात तो कुणीच नोंदवला नव्हता म्हणे. पुण्याच्या वनस्पतिसंग्रहात आपल्या नावाची एक नोंद असावी, एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं. पानासोबत पुण्याला पाठवायचं लेबल मराठीतच हवं हा हट्ट, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायचं मी.

"जागा नीट लिही रे. जागा चुकली की पान म्हणजे नुसता कचरा," हे त्यांनी दहादा बजावलं. मी वैतागून भराभरा लिहिलं आणि सुटलो.

दोन वर्षांनी पुण्याहून पत्र आलं. त्यांच्या माणसाने डोंबिवलीजवळचं कोपर पालथं घातलं, तिथे असा वेलच नाही, म्हणून नोंद संशयास्पद धरली आहे. मी 'कोपरी'ची वेलांटी खाल्ली होती. तोवर घरामागे नवी चाळ उठली होती, वेल केव्हाच गेला होता. खरं सांगूनही दाखवायला काही उरलं नव्हतं.

"मी कळवतो त्यांना, चूक माझी आहे म्हणून," मी म्हणालो.

"कळवलंय. चूक माझी, असं."

"पण आतोबा, अक्षर माझं!"

"लेबलावर नाव माझं आहे ना?" म्हणाले, आणि पाटा उचलून आत्याला देऊन आले. पुन्हा त्यांनी तो कधी मागितला नाही.

आतोबा गेल्यावर मी मुद्दाम पुण्याला जाऊन ते पान बघितलं. माझ्या वळणदार अक्षरात 'कोपर', शेजारी कुणीतरी काढलेलं प्रश्नचिन्ह, खाली त्यांचं नाव. फार वाईट वाटलं. एक वेलांटी द्यायची होती, पण तिथे पानांजवळ पेन नेऊ देत नाहीत.