झोपेपुरती खटखट

निजामपुऱ्यात जन्म काढला, पण समोरच्या यंत्रमागाच्या कारखान्याची खटखट मला कधी गोड लागली नाही. भाजी फोडणीला टाकली तरी चर्र ऐकू येत नाही, अशी आमची गल्ली. शिकवणीला येणाऱ्या पोरांवर मी ओरडते ती रागाने कमी आणि लूममुळे जास्त. मालकाशी कितीदा तरी माझं वाजलंय. "बाजी, मशीन है, उसके मुँह पे हाथ कैसे रखूँ?" असं म्हणून तो चहा मागवायचा. मेला भांडणसुद्धा धड होऊ द्यायचा नाही.

धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि तिची दोन्ही मुलं माझ्याकडे आली. मुलगा जेमतेम बोलायला लागलेला, मुलीची तर नाळही पडली नव्हती. त्यांचा बाप मस्कतला नोकरीला. माझं लग्न झालेलं नाही. लोक तोंडावर म्हणायचे, माय मरो पण मावशी जगो. म्हणणाऱ्याची जीभ हासडावी असं वाटायचं. अहो, मेली ती माझीच बहीण ना! मुलगी मला माऊ म्हणायची. आई म्हणजे भिंतीवरचा फोटो आणि माऊ म्हणजे बाकी सगळं, असं तिचं जग होतं.

यंदा भावोजींनी तिकडे मोठं घर भाड्याने घेतलं, त्यांची आई सोबत राहायला तयार झाली, आणि ते मुलांना न्यायला आले. बापाची मुलं बापाकडे जाणार, त्यात मी कोण बोलणारी? "बरं झालं," म्हटलं. पण रात्रंदिवस एकच धास्ती, पोरगी मला विसरणार. तीन वर्षांच्या जिवाला पुढे काय आठवतं, कपाळ!

मग तयारीला लागले. विमानात कान दुखतात म्हणून चघळायला गोळ्या घेतल्या, हातातल्या बॅगेत कपड्यांचे जास्तीचे जोड टाकले. मोठ्या बॅगा समोरच्या कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर तोलल्या. वजन जास्त भरलं. "ताई, मस्कतला स्वेटर कशाला? तिथे घामाने जीव जातो," भावोजी हसून म्हणाले. मी विणलेले दोन्ही स्वेटर घरी राहिले. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय!

खरी काळजी विमानाच्या आवाजाची होती. पोरं घाबरू नयेत म्हणून मी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या, दोघांच्या कमरेला ओढणीचा पट्टा बांधला आणि रिकामा मिक्सर लावला. "सुटलं रे विमान!" मुलाने दोन्ही हात पसरले. मुलगी खुदुखुदु हसली आणि म्हणाली, "माऊ, तू पण बस."

"मी खाली उभी राहून टाटा करणार."

"मग मी पण खाली," म्हणून ती ओढणीची गाठ ओढू लागली. मी मिक्सर बंद केला. तो खेळ पुन्हा मांडायचा मला धीर झाला नाही.

निघताना दोघांना वज्रेश्वरीचा अंगारा लावला. विमानतळाच्या दारापर्यंत गेले. पुढे तिकीट नसलेल्याला सोडत नाहीत.

पोचल्यावर भावोजींचा फोन आला, दोघं विमानात ढाराढूर झोपली. झोपणारच! पाळण्यापासून लूमच्या खटखटीत वाढलेली पोरं ती. मी भलत्याच गोष्टीची तालीम घेतली होती. त्यांना सवय नव्हती ती शांततेची. मस्कतच्या घरात म्हणे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते. मुलगी दुपारी डोळ्याला डोळा लावेना, चिडचिड करी, जेवेना. भावोजी ड्युटीवर, आणि त्यांची आई बिचारी मेटाकुटीला आली. शेवटी तिनेच मला फोन केला, "अगं, जरा खिडकीबाहेर धरतेस का फोन?"

मी धरला. हात भरून आला तरी धरला. पलीकडे पोर झोपली.

मग रोज दुपारी फोन. आधी माऊशी गप्पा, काय जेवली, दादाने कसं मारलं, आणि मग मी खिडकीत. दिवसातला तेवढाच वेळ माझा. एकदा कारखाना दुरुस्तीला बंद पडला, तर मीच जाऊन मालकाला विचारलं, "कब चालू होगा?" तो आ वासून बघत राहिला.

पण शुक्रवारी लूम बंदच असतात. त्या दिवशी पोरीने आकांत मांडला. मला फोनवर ऐकवेना. शनिवारी मी तासभर खटखट मोबाईलवर भरली, मधूनमधून म्हटलं, "झोप हं बाळा, माऊ इथेच आहे," आणि पाठवून दिली. चांगली सोय झाली. दुपारचे फोन थांबले.

पुढे मीच एकदा फोन करून विचारलं, "ऐकते का हो माझा आवाज?"

भावोजींची आई जरा चाचरली. "राग मानू नकोस गं. तुझा आवाज आला की ती उठून बसते, दाराकडे बघते, आणि मग रडून रडून घर डोक्यावर घेते. म्हणून तेवढा कापून टाकलाय. नुसती खटखट ठेवलीय."

म्हणजे विसरली नव्हती. माझी पोर मला विसरली नव्हती.

"बरं केलंत," मी म्हटलं. "आता रडत नाही ना?"

"नाही गं. लगेच झोपते."

मी फोन ठेवला आणि खिडकी लावून घेतली.