चहाचा बर्फ

माझी अक्कल कुठवर धावते, हे तुम्हाला सांगायचं तर त्या मंगळवारपासून सांगावं लागेल. मी अंगणात कूलरची जाळी धूत होतो. हात चिखलाने भरलेले, आणि नेमका फोन वाजला. वसुधाच्या इंजिनीयरिंग कॉलेजातले विभागप्रमुख, देवांगन सर.

“भाईसाहब, कमाल हो गया! मॅडम के चारों बच्चे गणित में पास! तुम्ही शिकवलं तरी कसं? शनिवारी येऊन आमच्या प्राध्यापकांना सांगा. विषय मी ठरवून टाकला. मुलांना गणिताची गोडी कशी लावावी!”

मी हो म्हणालो. नाही म्हणायची हिंमत माझ्यात असती, तर हा किस्साच घडला नसता!

झालं होतं असं. वसुधा, म्हणजे माझी बायको, कॉलेजात गणित शिकवायची आणि संध्याकाळी भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या घरी नापास मुलांचा वर्ग घ्यायची. फेब्रुवारीत ती गेली. तेरवी झाली आणि काही दिवसांतच चार जण दारात उभे. पुढे अहिवाऱ्याची टिकेश्वरी. तीनदा नापास झालेली, ही शेवटची संधी. वडील चुनखडीच्या खाणीत डंपर चालवायचे आणि पोरगी इंजिनीयर होणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं.

“काका, मॅडमची वही तेवढी द्या न. झेरॉक्स काढून वापस आणतो,” चरोद्याचा निखिल म्हणाला.

“वही कशाला? मी शिकवतो!”

अहो, कोणी विचारलं होतं मला? पण स्टील प्लांटमध्ये अठ्ठावीस वर्षं इंजिनीयर म्हणून काढलेली. गणित येतच असणार, असं माझं मलाच वाटलं. त्या अठ्ठावीस वर्षांत मी एकही इंटिग्रेशन केलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. शिवाय वसुधाची वही होती की! पानोपानी गणितं, पूर्ण सोडवलेली. फळ्यावर उतरवायला अक्कल कशाला लागते?

पहिल्याच दिवशी चहाचं गणित. नव्वद अंशांचा चहा किती वेळात पिण्याजोगा होईल? मी ऐटीत फळा भरला. टिकेश्वरी डोळे बारीक करून बघत होती.

“सर, कमरे का तापमान तो लिया ही नहीं. ऐसे तो चाय ठंडी होते-होते बर्फ बन जाएगी.”

“होईल की!” मी म्हणालो.

“भिलाईत? मार्च महिन्यात?” निखिल म्हणाला.

“गणितात ऋतू नसतात!” मी ठणकावलं.

चौघंही टाळ्या पिटत उठले. “पकड़ लिया! सर, एक्टिंग एक नंबर!” टिकेश्वरीने तर हातच पुढे केला. “आलूगुंडा?”

मी तिच्या हातात खडू ठेवला. शेवटी निखिलला दया आली. “सर, मॅडम रोज एक चूक मुद्दाम ठेवत होत्या न. जो पकडन त्याले गरम आलूगुंडा. तुमाले माहीत नाही?”

आता इथे माणसाने खरं बोलावं की नाही? मी म्हणालो, “माहीत नसायला काय झालं! मुद्दामच ठेवली होती.” आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावर आलूगुंडे, म्हणजे आपले बटाटेवडे, आणायला निघालो.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता शोभा नको. दुपारभर बसून वसुधाची चूक शोधली, दुरुस्त केली आणि छाती काढून फळ्याशी उभा राहिलो. पोरांनी पाच चुका काढल्या. पाचही अस्सल माझ्या!

“सर, मॅडम एकच ठेवत होत्या,” निखिल म्हणाला. “तुमी तं शेतच पेरून राहिले!”

कोपऱ्यावरचा आलूगुंडेवाला विचारू लागला, “साहब, घर में रोज कार्यक्रम है क्या?”

पण गंमत बघा. ‘ये पढ़ के काम क्या आएगा’ म्हणणारी हीच पोरं तासभर आधी येऊ लागली. निखिल लोकलमध्ये उभ्या उभ्या गणितं सोडवायचा. टिकेश्वरी लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं घेऊन यायची. करणार काय? माझी चूक कुठल्याही ओळीत असू शकत होती. कशावरच विश्वास ठेवायची सोय नव्हती!

वसुधाचं तसं नव्हतं. रोज दुपारी शोधता शोधता माझ्या लक्षात आलं, की तिची चूक नेमकी तिथेच असायची जिथे मुलांचा पाय घसरतो. आणि समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘ही निखिलसाठी.’ एका पानावर होतं, ‘ही टिकेश्वरीसाठी. तिला दिसेल.’

ते पान मी टिकेश्वरीला दिलं. तिला दिसली. एका मिनिटात.

त्या फोननंतरच्या शनिवारी सभागृह भरलेलं. चौघं पहिल्या रांगेत. एकच ओळ लिहायची आणि ती बिनचूक लिहायची, असा पण करून मी खडू उचलला. भट्टीतून निघालेली लाल सळई कशी निवते, हे माझ्या हयातभराच्या कामातलं गणित. लिहिलं. टिकेश्वरीचा हात वर.

“सर, माइनस.”

माइनस विसरलो होतो! माझी सळई बाहेर येऊन उलट तापत चालली होती. तासाभरात सूर्याला मागे टाकलं असतं तिने. प्राध्यापक भराभरा वहीत उतरवून घेत होते. देवांगन सर शेजारच्याला म्हणाले, “देखिए, जानबूझकर गलती! यही टेक्निक है!”

मग मात्र मला राहवलं नाही. “पद्धत मॅडमची आहे,” मी म्हणालो. “माझ्या होत्या त्या चुका. आणि त्यातली एकही मुद्दाम केलेली नव्हती.”

निखिल टिकेश्वरीकडे झुकून सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजला. “हेही पकडायचं हाय का वं?”

सगळे हसले. मीही हसलो.

वसुधा ती वही जेवणाच्या टेबलावर माझ्या समोर बसून लिहायची. काय लिहितेस, असं मी तिला एकदाही विचारलं नाही.