रोमन पोरांच्या बाई

"राजे आणि लढाया मला सांगू नका. त्या दिवशी त्यांच्या घरी भाजी कसली होती, ते सांगा." हे बाईंचं ठरलेलं वाक्य. म्हणताना चष्मा कपाळावर जायचा.

टोकियोच्या कोतो भागातल्या आमच्याच इमारतीत त्या राहायच्या. ठाण्याच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं इतिहास शिकवला. बँकेने नवऱ्याची टोकियोला बदली केली आणि शाळा सुटली, इतिहास मात्र सामानाबरोबर आला. रविवारी आम्ही इमारतीच्या हॉलमध्ये मुलांसाठी मराठीचा वर्ग भरवायचो. तो बाईंच्या हाती गेला, बाराखडी बाजूला राहिली आणि रोमन अमलाखालचं ब्रिटन सुरू झालं. तिथल्या पोरांच्या चामडी चपला जमिनीत सापडल्यात, तान्ही बाळं मातीच्या बाटलीने दूध पीत, मोठी मुलं हाडांचे तुकडे उडवून झेलत. म्हणजे आपले सागरगोटेच की, असं म्हणून बाईंनी पिशवीतून खरेच सागरगोटे काढले. आमची मुलं मराठी किती शिकली देव जाणे, पण 'रडीचा डाव खेळू नकोस' एवढं अस्खलित म्हणायला लागली.

एकदा मुलांकडून रोमन स्वयंपाकघरातली मातीची भांडी करून घेतली. ती वाळताना तडकली. इथे जळणारा आणि न जळणारा कचरा वेगवेगळ्या दिवशी नेतात; बाईंनी ती भांडी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवली. गाडीने सगळं नेलं आणि आमच्या बाईंची पिशवी लाल चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडली. आपल्यातली दुसरी कोणी असती तर आठवडाभर लिफ्टमध्ये मान वर करून उभी राहिली नसती. बाई ती पिशवी चिठ्ठीसकट वर्गात घेऊन आल्या. जुन्या लोकांची घरं त्यांच्या उकिरड्यावरून तर कळतात, या जपान्यांचं पुढे काही कळायचं नाही, असं त्यांनी मुलांना आनंदाने सांगितलं. पिशवी नंतर निवडली मी.

अशा हसऱ्या बाईंना एकच गोष्ट खात होती. त्यांची लेक माझ्या मुलाच्याच वर्गात, जवळच्या जपानी शाळेत होती. आई मराठीत विचारणार, लेक जपानीत उत्तर देणार. जेवायला ये, दप्तर उचल, इतकं निभायचं. त्यापलीकडचं बाईंच्या डोक्यावरून जायचं.

"अहो, परवा ही रडत होती," एकदा त्या मला म्हणाल्या. "का रडतेय ते सांगतही होती. मलाच कळत नव्हतं."



त्याच आठवड्यातल्या रविवारी त्या वर्गात दूरदेशाहून ब्रिटनला बदलून आलेल्या रोमन अधिकाऱ्यांच्या बायकांबद्दल सांगत होत्या. त्यांची मुलं तिथल्या नव्या भाषेत बोलायला लागली असतील, असं म्हणाल्या. मग आया काय करायच्या, माझ्या मुलाने विचारलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग म्हणाल्या, "शिकल्या असतील बिचाऱ्या." दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे येऊन माझ्या मुलाची पहिलीची जपानी पुस्तकं घेऊन गेल्या.

पुढच्या वर्षी शाळेत पालकांना वर्गासमोर बोलायला बोलावलं, तेव्हा बाईंनी हात वर केला. रोमन मुलांची गोष्ट, जपानीत. मी मागे उभी होते. चपला झाल्या, दुधाची बाटली आली, आणि बाईंचा शब्द अडला. लेकीने मान खाली घातली होती. मग ती उठली, पुढे जाऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

"आई, तू मराठीत सांग. मी त्यांना सांगते."

एक वाक्य आईचं, एक लेकीचं, अशी ती गोष्ट पुरी झाली. मला रडू आवरलं नाही.

गेल्या वसंतात बदलीची मुदत संपली आणि ते ठाण्याला, बाईंच्या सासू-सासऱ्यांच्या घरी परत गेले. रविवारचा वर्ग आता मी घेते. मुलं कंटाळतात आणि तसं तोंडावर सांगतात.

परवा बाईंना फोन केला. आमच्या गप्पा चालू असताना मागून लेकीचा जपानीतला आवाज आला, आणि बाईंनी अडखळत, चुकत, जपानीतच उत्तर दिलं. मी म्हटलं, आता तिथे कशाला जपानी?

"शाळेत काहीतरी झालंय तिच्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मराठीत सांगितलं तर घरात सगळ्यांनाच कळेल ना. हे फक्त मला सांगायचंय तिला. ठेवते हं."