कोर्लईचे फिटर

चाकणच्या आमच्या कंपनीत एक फिटर आहेत, अलिबागपलीकडच्या कोर्लईचे. बोल्ट आवळताना ते पुटपुटत आकडे मोजतात आणि ते आकडे मराठी नसतात, हिंदीही नसतात. पोर्तुगीज कोर्लईचा किल्ला सोडून गेले, पण त्यांच्या भाषेतून झालेली बोली गावातल्या घरांत राहिली. मी खोदून विचारलं की फिटर म्हणतात, "घरचं आहे राव, त्यात काय सांगायचं?"

गेल्या महिन्यात नवी प्रेस बसवायला स्पेनहून एक इंजिनियर आला. ते आकडे ऐकून तो थबकला आणि पुढचे आकडे त्यानंच म्हटले. तो गालिसियाचा, म्हणजे पोर्तुगालच्या डोक्यावरच्या प्रांतातला. त्यांची गालिसियन आणि पोर्तुगीज एकेकाळी एकच होत्या म्हणे, मग मधे सरहद्द आली.

"ऑफिसात स्पॅनिश, घरी गालिसियन," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

फिटर हसले. "आमचंही तेच. बाहेर मराठी."

दुपारी आम्ही तिघं कँटीनमध्ये जेवत होतो. इंजिनियर फोनवर त्याच्या साहेबाशी स्पॅनिशमध्ये तावातावानं भांडला. फिटर शांतपणे भात कालवत राहिले. मग इंजिनियरच्या आईचा फोन आला. तो गालिसियनमध्ये बोलू लागला, तसे फिटर डबा उचलून बाहेर उन्हात गेले. त्यांच्या जागी मी असतो तर मुद्दाम कान देऊन बसलो असतो.

मी मागोमाग गेलो. "काय झालं? मघाशी तर बसला होतात."

"मघाशी काही कळत नव्हतं राव," ते उभ्यानंच घास घेत म्हणाले. "आता कळतंय."