मस्तुराआपाचं काचेचं छप्पर

आमच्या गल्लीत काचा बसवणारी एकच बाई, मस्तुराआपा. बोलायला फटकळ, हसायला त्याहून मोकळी. तिच्या अंगणात पुरुषभर खोल चर आहे. त्यात तिच्या नवऱ्यानं, एर्गाशनं लावलेली लिंबाची झाडं आणि वर गुडघाभर उंचीचं काचेचं छप्पर. त्याशिवाय आमच्या ताश्कंदच्या थंडीत लिंबू जगत नाही. एर्गाश गेला त्याच हिवाळ्यात बर्फाच्या ओझ्यानं काचा फुटल्या आणि निम्मी झाडं करपली.

धाकटा दीर तोलिब म्हणाला, "वहिनी, बुजवून टाकू हा खड्डा."

"यंदा एक जरी काच आत पडली ना भावजी, तर खुशाल बुजवा."

बोलून गेली खरी, पण मग बाई झपाटल्यासारखी कामाला लागली. प्रत्येक काचेला आतून काचधाग्यांचं पांढरं कापड लावायचं आणि त्यावर ब्रशनं राळ चोपडायची. राळ मुरली की कापड दिसेनासं व्हायचं.

"काचेला बंडी शिवताय होय!" तोलिब चिडवायचा.

थंडी पडली आणि मस्तुराआपाच्या मुलीचं लग्न आलं. तोलिबच्या बायकोनं दुलया उन्हात घालायला सगळ्यात उबदार जागा शोधली, ती नेमकी छपरावर! आमच्याकडे अंगणात दुलया अंथरलेला ओटा दिसला की पाहुण्यानं बसायचं, विचारायचं नसतं. भरभक्कम विहीणबाई हुश्श करून तिथेच टेकल्या.

कर्रर्र!

मस्तुराआपा किटली टाकून धावली. "विहीणबाई, हलू नका! बसून राहा!"

पाहुण्यांना बसा म्हणणाऱ्या यजमानिणी खूप पाहिल्या, पण इतक्या घाबरून म्हणणारी हीच.

आम्ही चौघींनी विहीणबाईंना अलगद बाजूला ओढलं. दुलई उचलली. काचेवर तड्यांचं जाळं पसरलं होतं, पण आत एक तुकडाही पडला नव्हता. खाली पिवळीधमक लिंबं.

"अगं बाई! मला वाटलं माझे गुडघेच वाजले," विहीणबाई म्हणाल्या. हसून हसून आमची पोटं दुखली.

तोलिब मात्र चरात उतरला. तडकलेल्या काचेवरून आतून हात फिरवत राहिला.

"राळ उरलीय का? अजून एक थर देऊ. कसा द्यायचा, दाखवा."

"अहो भावजी, मुलीचं लग्न आहे आज!"

"रात्री गारठा वाढेल," तो खालूनच म्हणाला, "आणि दादाची झाडं आहेत ही."

तेव्हा मस्तुराआपा सगळ्यांदेखत रडली, आणि रडता रडताच ब्रश घेऊन त्याच्या शेजारी उतरली.