माहेरात उपाशी राहिलेली आक्का

"सिऱ्हॉसिस. यकृत आक्रसून गाठीगाठीचं झालंय," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. वय अडतीस, दारूचा थेंब कधी घेतला नाही. उपाय एकच, लिव्हर ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा माझ्या पोटात बसवायचा.

थोरली बहीण आक्का जयसिंगपूरहून आली. "माझं घ्या की," म्हणाली, चहा मागावा तसं. तपासण्या जुळल्या. फक्त तिच्या यकृतावर थोडी चरबी होती. डॉक्टरांनी ती उतरवायला आहाराचा कागद दिला आणि ऑपरेशनसाठी महिन्यानं पुण्याला बोलावलं.

तो महिना आक्का आमच्याकडेच राहिली. आईनं कागद फ्रिजवर चिकटवला आणि मटणाचं पातेलं चढवलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर तुपातली पोळी. "पोट कापून द्यायचं हाय पोरीला, अंगात ताकद नगं?" शेजारणी डबे आणायच्या. आग्रह मीही केला, खोटं कशाला बोलू.

पुण्यात स्कॅन पाहून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "चरबी वाढलीय. आत्ता ऑपरेशन नाही."

मला पुढचं ऐकूच येईना. त्यांनी पुन्हा सांगितलं. काढलेलं यकृत काही वेळ रक्ताविना राहतं. नव्या शरीरात रक्त परत सुरू झालं की पेशींना इजा होते, तिला रिपर्फ्युजन इन्ज्युरी म्हणतात. चरबीचं यकृत ती इजा सोसत नाही. "म्हणून यकृतावरची चरबी आधी दात्याच्या अंगातच उतरवावी लागते. सहा आठवडे थांबू."

माझ्याकडे तेवढे आहेत का, हे मी विचारलं नाही. आईनं हातातला डबा बाकाखाली सरकवला. "पोराच्या जिवावर मीच उठले व्हय?"

मग आक्का रोज घराजवळच्या कळंब्याच्या तलावावर चालायला जाऊ लागली. मोजून एक भाकरी, मुगाचं कढण, काकडी. आई ताट वाढायची आणि परसात निघून जायची. माझे डोळे हळदीसारखे झाले, पोटातलं पाणी दोनदा काढलं. मला आक्काच्या ताटाकडे बघायची लाज वाटायची.

सहा आठवड्यांनी स्कॅनमध्ये चरबी उतरलेली दिसली आणि ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "पित्त तयार होतंय. यकृत चालू आहे." मी ढसाढसा रडलो.

तुमच्या घरात कुणी यकृत द्यायला तयार झालं, तर कृपा करून पाहुणचार करू नका. कागदावर आहे तेवढंच वाढा, जड जात असलं तरी.

आई भेटायला आली ती आधी आक्काच्या खाटेशी गेली. "माहेरात तुला उपाशी ठिवलं गं मी."

आक्का हसायला गेली आणि टाके धरून कण्हली. "ठिवलंस म्हणून ह्यो हाय न्हवं!"